सगळ्यांनी मिळून काय बघावे?



घरभेटीला गेलो की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. "फादर, घरातल्या सगळ्यांनी मिळून बघावे असे टीव्हीवर काही उरले आहे का?" विचारणारी बहुधा आई असते, क्वचित आजोबा. विचारताना टीव्हीचा आवाज कमी केलेला असतो, पण टीव्ही चालूच असतो. आजवर आम्ही या प्रश्नाला दारातच, उभ्या उभ्या उत्तर देत आलो. या रविवारी जरा बसून विचार करू या.

विचारणाऱ्यांना बहुतेक वेळा एक यादी हवी असते. हे चॅनल चांगले, ते वाईट. अशी यादी देणे सोपे आहे, पण ती फार दिवस टिकत नाही. १९९९ साली सुरू झालेले अल्फा मराठी २००५ मध्ये झी मराठी झाले. २००० साली आलेले ई टीव्ही मराठी २०१५ मध्ये कलर्स मराठी झाले. नावे बदलतात, मालक बदलतात, यंदाचा चांगला कार्यक्रम पुढच्या वर्षी बंद होतो. म्हणून यादीपेक्षा माप हाती असलेले बरे. धान कोणत्याही बांधीतले असो, मोजायला पायली लागतेच. टीव्हीसाठी आपल्या घरची पायली कोणती, हे या पाठात पाहायचे आहे.

आधी थोडे मागे वळून पाहू. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पण आपल्या जंगलपट्टीत टीव्ही पोहोचायला पुष्कळ काळ गेला. आला तोही गावात एखादाच, कुणा गुरुजींच्या घरी नाहीतर ग्रामपंचायतीत. २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात रविवारी सकाळी 'रामायण' लागायचे, तेव्हा एका संचासमोर अर्धे गाव बसलेले असे. कोणत्याही धर्माचा माणूस त्यातून वगळलेला नव्हता. निवड करायला दुसरे चॅनलच नव्हते, त्यामुळे रिमोटवरून भांडणही नव्हते. पुढे टीव्ही घरोघरी आले, पण वीज कुठे होती? चंद्रपूरचे औष्णिक केंद्र राज्याला वीज देते आणि त्याच जिल्ह्यातली खेडी भारनियमनात अंधारात बसतात, हा विनोद २००० नंतरच्या दशकात आपण सर्वांनी सोसला आहे. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची महिन्याचे पैसे न मागणारी डिश सेवा सुरू झाली. तिलाच २०१४ पासून डीडी फ्री डिश म्हणतात. केबलची तार जिथे कधीच जाणार नव्हती अशा टोल्यांवरही कौलांवर थाळी दिसू लागली. आणि २०१६ नंतर मोबाईलवरचा डेटा इतका स्वस्त झाला की चित्र थेट हातात आले.

म्हणजे पन्नास वर्षांत आपण एका संचासमोर शंभर माणसे येथपासून एका घरात चार पडदे येथवर येऊन पोहोचलो. बाबा बातम्यांसमोर, आई मालिकेसमोर, ताई कानात वायर घालून, आणि दहा वर्षांचा मुलगा पांघरुणात फोन घेऊन. भामरागडकडे नेटवर्क मिळावे म्हणून टेकडी चढावी लागली, तरी मुले ती चढतात. तेव्हा "मिळून काय बघावे" हा प्रश्न विचारणारी आई खरे तर त्याआधीचा प्रश्न विचारत असते. आपण मिळून बसतो का? एकट्याने पाहणाऱ्या मुलाच्या शेजारी, चित्र बदलले तर "हे काय रे?" असे विचारायला कुणी नसते. एकत्र पाहण्यातला हा मोठा लाभ आहे आणि तो आपण हातचा घालवत आहोत.

आता मापाकडे येऊ. पुष्कळांचे माप "स्वच्छ" हे असते. अंगप्रदर्शन नाही, शिवी नाही, मारामारी नाही, म्हणजे कार्यक्रम कुटुंबाचा. आम्हाला हे माप अपुरे वाटते. का, ते सांगायला आपल्याच झाडीपट्टीच्या नाटकाचे उदाहरण घेतो. दिवाळी झाली, धान कापून झाले, मंडया भरू लागल्या की वडसा-देसाईगंजच्या नाट्यमंडळ्या गावोगाव निघतात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटे पडतो. समोर जमिनीवर बोऱ्या, सतरंज्या, घोंगड्या. आजी, सून, मांडीवर झोपलेले लेकरू, सगळे एका रांगेत. आणि नाटकात काय असते? दारू, सावकार, बळकावलेली जमीन, फसवलेली मुलगी, कधी खूनसुद्धा. विषय पाहिले तर एकही "स्वच्छ" नाही. तरीही बाप लेकीसोबत बसून ते पाहतो आणि त्याला मान खाली घालावी लागत नाही.

याचे एक कारण असे की नाटकात वाईटाची किंमत पहाटेपर्यंत चुकती होते. दारुड्याचे घर बसलेले सर्वांना दिसते. दुसरे कारण आम्हाला जास्त महत्त्वाचे वाटते. नटाला समोरची आजी दिसत असते. तिच्या देखत काय बोलावे आणि काय बोलू नये, हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. याच रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. विनोदी भूमिकांसाठी नावाजलेला हा कलावंत सबंध गावाला एकदम हसवत आला आहे. (हल्ली काही नाटकांत प्रवेशांच्या मध्येच नाच घुसडतात आणि तेवढा वेळ बायाबापड्या उठून बाहेर जातात. त्या बाहेर जाण्यातच टीका आली.)

टीव्ही बनवणाऱ्याला आजी दिसत नाही. त्याला आकडा दिसतो. २०१५ पासून आपल्या देशात बार्क नावाची संस्था काही निवडक घरांत यंत्रे बसवून कोणता कार्यक्रम किती पाहिला गेला हे मोजते आणि त्या आकड्यांवर जाहिरातींचे दर ठरतात. टीव्ही पाहिला गेला एवढे यंत्राला कळते. पाहताना कोणी मान खाली घातली, कोण उठून चुलीकडे गेले, हे त्याला कळत नाही. म्हणून जे काम झाडीपट्टीत नट करतो, ते घरात आपल्याला करावे लागते. खोलीत कोण बसले आहे ते पाहून कार्यक्रम ठरवायचा. सर्वांत लहान आणि सर्वांत वयस्कर या दोघांना एकाच वेळी समोर बसवून जे पाहता येते, ते आपल्या घरचे. हा मापाचा अर्धा भाग झाला.

उरलेला अर्धा भाग संच बंद केल्यावर कळतो. टीव्ही बंद झाल्यावर आपण एकमेकांशी काही बोलतो का?

इथे मालिकांचा विषय येतो, आणि जपून बोलले पाहिजे, कारण समोर बसलेल्या अनेक जणींचा तो विरंगुळा आहे. संध्याकाळच्या मालिका बहुधा "स्वच्छ" असतात. डोक्यावर पदर, देवघर, सण, सगळे असते. तरी त्या पाहून उठणाऱ्या घरात संशय का वाढतो? आमच्या मते दोष नटांचा नाही, रचनेचा आहे. रोज एक भाग, आठवड्याला पाच-सहा भाग, आणि आकडा चांगला असेल तोवर गोष्ट संपवायची नाही असा हा व्यवसाय आहे. 'चार दिवस सासूचे' ही मालिका २००१ ते २०१३ चालली आणि तिचे तीन हजारांहून अधिक भाग झाले. चार दिवसांचे बारा वर्षे झाले! आता विचार करा. जी गोष्ट संपूच द्यायची नाही, तिच्यात भांडण मिटवता येत नाही. सुनेने सासूला मनापासून क्षमा केली तर उद्या दाखवायचे काय? म्हणून क्षमा होते ती तात्पुरती, आणि लगेच नवे कारस्थान. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी क्षमा न टिकणारी घरे पाहिली, तर आपल्या घरातही ती टिकत नाही असे वाटू लागते. प्रभूने पेत्राला किती वेळा क्षमा करायची ते सांगितले, त्याच्या अगदी उलट हा पाठ आहे, आणि तो कुणी मुद्दाम शिकवत नाही म्हणूनच खोल जातो.

मालिका वेगळी असू शकते, हे आपल्याच देशात दिसले आहे. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली आणि १९८५च्या डिसेंबरात ती संपवलीही. त्यातही बापाची दारू होती, भरकटलेली मुलगी होती. पण भाग संपला की वयस्कर अभिनेते अशोककुमार पडद्यावर येत आणि प्रेक्षकांशी बोलत: आज जे घडले ते बरोबर होते का, तुम्ही काय केले असते? ती युक्ती आपण घरात उचलावी. भाग संपला की घरातल्या कुणीतरी अशोककुमार व्हावे. आजोबांना हे काम फार छान जमते. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' (२००१ ते २००४) ही मराठी मालिका तर एका साध्या घराचीच होती. आजोबा, मुलगा-सून, नातवंडे, छोटे रुसवे, आणि त्या भागातला रुसवा बहुधा त्याच भागात मिटणारा. सगळ्यांनी मिळून पाहायची मालिका कशी असते असे कुणी विचारले, तर आम्ही आजही हेच नाव सांगतो.

पण घरात टीव्ही कमी करायचा ठरला की पहिली कुऱ्हाड आईच्या मालिकेवर पडते. मुलांची परीक्षा आली की तिची अर्ध्या तासाची मालिका बंद, आणि बाबांचे क्रिकेट व बातम्या मात्र चालू. दिवसभर रोवणी करून, पाणी भरून, चूल सांभाळून आलेल्या बाईला टेकायला मिळणारा तो एकच अर्धा तास असतो. बातम्या मुलांसाठी बऱ्या असतात हेही खरे नाही. जेवणाच्या वेळी आठ जण एकाच वेळी ओरडत आहेत, खाली लाल पट्टी पळत आहे, मध्येच गुन्ह्याचे नाट्यरूपांतर; हे जेवणाऱ्या सात वर्षांच्या मुलासाठी कोणत्याही मालिकेपेक्षा सोपे नाही. तेव्हा पुरुषांना आमची विनंती आहे की कमी करायचे ते आपल्यापासून सुरू करावे. रिमोट हा कर्त्या पुरुषाचा राजदंड नव्हे.

"मी बघत नाही, नुसते चालू आहे," असे सांगणाऱ्यांसाठी संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या सहाव्या भागात एक प्रसंग लिहून ठेवला आहे. त्यांचा मित्र अलिपियस कायदा शिकायला रोमला गेला होता. माणसे माणसांना मारतात ते रंगणातले खेळ त्याला नकोसे वाटत. मित्रांनी ओढत नेले. तो म्हणाला, शरीर न्याल, डोळे उघडायला लावणार नाही. आणि डोळे मिटून बसला. पण एक योद्धा पडला, गर्दीतून प्रचंड आरोळी उठली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले. पुढे तो स्वतःहून जाऊ लागला, इतरांनाही नेऊ लागला. डोळे मिटले होते, कान उघडे राहिले. हाच अलिपियस पुढे सावरला, ३८७ साली ऑगस्टीनबरोबर त्याने बाप्तिस्मा घेतला आणि नंतर बिशप झाला. आपल्या दोन खोल्यांच्या घरात, पडद्यापलीकडे अभ्यासाला बसवलेल्या मुलाचे कान उघडेच असतात. तो काय ऐकतो आहे ते एकदा त्याच्या जागी बसून ऐकून पाहावे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ सालच्या जागतिक संपर्क माध्यम दिनाचा संदेश नेमका याच विषयावर दिला होता: दूरदर्शन आणि कुटुंब. त्यातील तीन गोष्टी आम्हाला आजही उपयोगी वाटतात. कार्यक्रम लागण्याआधीच त्याची माहिती काढून पाहायचा की नाही ते पालकांनी ठरवावे. पाहिलेल्यावर मुलांशी बोलावे. आणि कधी कधी संच सरळ बंद करावा. मूल गप्प बसावे म्हणून टीव्हीला दाई बनवू नका, असेही त्यांनी बजावले होते. टीव्हीच्या जागी मोबाईल घातला तर हा संदेश काल लिहिल्यासारखा वाटतो. पहिली गोष्ट आपल्याकडे फार कमी होते. आपण आधी टीव्ही लावतो आणि मग काय आहे ते शोधतो. बाजाराला निघताना काय आणायचे ते ठरवून निघतो, इथे मात्र दुकानदार देईल ते घेऊन येतो. रविवारी मिस्सा झाल्यावर आठवड्यात मिळून काय पाहायचे ते ठरवायला दहा मिनिटे पुरतात. रोज नको, दोन संध्याकाळ पुष्कळ झाल्या. ठरवताना सर्वांनी एकेक नाव सुचवावे, लहानानेही.

काही नावे आम्हीही सुचवतो. 'टिंग्या' (२००८) हा मंगेश हाडवळे यांचा चित्रपट शेतकऱ्याच्या घरातला आहे. बिबट्यामुळे खड्ड्यात पडून बैल जायबंदी होतो, कर्जात बुडालेला बाप त्याला विकायला निघतो, आणि मुलगा विचारतो की शेजारच्या आजारी म्हातारीवर उपचार करता, मग माझ्या बैलावर का नाही? या प्रश्नाचे उत्तर सोपे नाही. घरात चर्चा होऊ द्या. 'श्वास' (२००४) मध्ये डोळ्याच्या कर्करोगाने दृष्टी जाणार असलेल्या नातवाला आजोबा शस्त्रक्रियेआधी जग दाखवायला नेतात. आजोबा-नातवंडांनी शेजारी बसून पाहावा असाच तो आहे. 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' (२०१४) हा समृद्धी पोरे यांचा चित्रपट तर आपल्या हेमलकशाचा. त्यात जखमा आहेत, भीती आहे, अगदी लहानांना काही प्रसंगी जवळ घ्यावे लागेल. पण आपले जंगल पडद्यावर पाहून माडिया आजी मध्येच चुका काढू लागली, तर टीव्हीचा आवाज बंद करून तिचे ऐकावे. प्राण्यांच्या माहितीपटांचेही तसेच. आफ्रिकेतला सिंह पाहताना मोहफुले वेचायला जाणारी आई ताडोब्याच्या वाघाबद्दल जे सांगेल, ते कोणत्याही चॅनलवर लागणार नाही. जुन्यांपैकी 'मालगुडी डेज' आजही शिळे झालेले नाही. प्रसार भारतीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे मोबाईलवरचे व्यासपीठ सुरू केले, त्यावर 'हम लोग'सारख्या जुन्या मालिका ठेवल्या आहेत. भाषेचीही सोय पाहावी. सिरोंचाकडच्या घरात तेलुगू, मुलचेराकडे बंगाली. आजीला न कळणाऱ्या भाषेतला कार्यक्रम सर्वांचा होत नाही.

पाहता पाहता अवघड दृश्य आले तर? घाईघाईने चॅनल बदलले की मुलाला एवढेच कळते की इथे काहीतरी आहे, ते नंतर एकट्याने पाहायचे. त्यापेक्षा शांतपणे बंद करून दोन वाक्यांत कारण सांगावे. कधी दृश्य नव्हे, प्रश्न अवघड असतो. प्रश्न आला तर घाबरू नये. तो शाळेच्या रस्त्यावर विचारला जाण्याऐवजी घरात विचारला गेला, हे चांगलेच झाले.

कायदा काय म्हणतो, तेही थोडक्यात. मुले जास्त प्रमाणात टीव्ही पाहतात त्या वेळी मुलांना अयोग्य कार्यक्रम दाखवू नयेत, असे केबल नियमांच्या कार्यक्रम संहितेत १९९४ पासून आहे. ब्रिटनमध्ये रात्री नऊनंतरच प्रौढांचे कार्यक्रम हा दंडक १९६४ पासूनचा. आपल्याकडे २०११ मध्ये मनोरंजन वाहिन्यांनी स्वतःच रात्री अकरा ते पहाटे पाच ही वेळ त्यासाठी ठरवून घेतली. मोबाईलवरच्या मालिका-चित्रपटांना २०२१ च्या नियमांनुसार वयाची खूण लावावी लागते: 'यू', मग ७, १३ आणि १६ वर्षांवरील, आणि शेवटी 'ए'. तेरा आणि त्यापुढच्यांना पालकांनी कुलूप लावण्याची सोय देणे बंधनकारक आहे. ती सोय फोनमध्ये असते, आपण लावत नाही.

आणि तक्रार करता येते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील प्राध्यापिका प्रतिभा नैथानी यांनी केबलवर सर्रास दाखवल्या जाणाऱ्या प्रौढांच्या चित्रपटांविरुद्ध २००४ साली मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २००५ मध्ये न्यायालयाने 'ए' प्रमाणपत्राचे चित्रपट केबलवर दाखवण्यास मनाई केली, आणि वाहिन्यांना चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे नेऊन कापून आणावे लागले. आपल्याला न्यायालयापर्यंत जायची गरज नाही. जून २०२१ च्या नियमांनुसार प्रेक्षकाने आधी वाहिनीकडे लेखी तक्रार करायची. वाहिनीने पंधरा दिवसांत उत्तर द्यायचे. समाधान झाले नाही तर वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे आणि त्यानंतर केंद्र सरकारकडे जाता येते. पत्रात वाहिनीचे नाव, कार्यक्रमाचे नाव, तारीख, वेळ आणि नेमके काय दिसले किंवा ऐकू आले, एवढेच लिहावे. संस्कृती बुडाली वगैरे लिहिले की पत्र बाजूला पडते. आणि चांगला कार्यक्रम दिसला तर तसेही कळवावे. ते तर कुणीच करत नाही. मजकूर जमत नसेल तर रविवारी मिस्सानंतर कार्यालयात या, कागद-पेन आहे, मिळून लिहू.